सळईचं निर्लेखन

मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी वाचकाने तीनपैकी दोन मॉनिटर फोडले, मॉनिटर दाखवायला आलेल्या माणसाचा वरचा पुढचा दात पाडला, आणि उरलेला तिसरा मॉनिटर कार्यालयाच्या पसंतीस उतरला. पण असं काही झालेलंच नाही. बाईंनी सगळ्यांना तसं सांगितलं, ज्याचा दात गेला त्यानेही ते मान्य केलं, आणि इतकी शहाणी माणसं एकमताने सांगत असताना आपणच एकट्याने झालं झालं म्हणून कशाला बोंबलायचं? तेव्हा काही झालं नाही असं धरू आणि आधीच्या बुधवारपासून सुरुवात करू. त्या बुधवारी मात्र खरोखर काहीतरी झालं होतं. वाचकाचा जुना मॉनिटर मेला.

मेला तेव्हा त्याच्यावर एक माणूस दुसऱ्याला मारत होता. एका गोदामाच्या दारात, खोक्यांच्या आड, मारणाऱ्याने हात वर नेला आणि पडदा काळा पडला. वाचक हात खाली येण्याची वाट बघत बसला. चाळीस मिनिटं बसला. वर गेलेला हात खाली येतो, या एका भरवशावर त्याने अकरा वर्षं नोकरी केली होती. काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि चेहऱ्याच्या वर, छताला लागून, तो खाली न आलेला हात असल्यासारखं वाटत होतं. त्याने मान आत ओढून घेतली. शेजारच्या टेबलावरच्या तरंग्याने विचारलं, "काय रे, कासव झालास?" तर वाचक म्हणाला, "मारतोय अजून." तरंग्याने उठून मॉनिटरच्या पाठीवर दोन थापा दिल्या, वायर हलवली आणि म्हणाला, "गेला हा. तुझा मारणारा आत अडकला. मार खाणाऱ्याची चंगळ आहे बघ." वाचकाला हसू आलं नाही. मार खाणाऱ्याचं त्याला माहीत होतं. तो अजून मान आत ओढून उभा असणार.

वाचक हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा. कोर्टाला, विमा कंपन्यांना, कारखान्यांना कॅमेऱ्याची चित्रणं बघायला वेळ नसतो. त्यांना कागद लागतो. म्हणून ही चित्रणं या कार्यालयात यायची, वाचक ती बघायचा आणि काय दिसतं ते लिहून द्यायचा. पांढऱ्यावर काळं करायचं, बस्स. 'इसम क्रमांक एक इसम क्रमांक दोनच्या कानशिलात मारतो. इसम क्रमांक दोन बसतो. इसम क्रमांक दोन उठत नाही.' अकरा वर्षांत त्याने चौदाशेच्या वर मारामाऱ्या वाचल्या होत्या आणि खरी मारामारी कशी असते हे त्याला इतकं पाठ होतं की लग्नकार्यात कुणी टाळी मागायला हात पुढे केला तरी तो आधी खांदा बघायचा. हात खोटं बोलतो, खांदा बोलत नाही. माणूस पडतो तेव्हा आधी गुडघे राजीनामा देतात, मग मान, आणि चेहऱ्याला ही बातमी सगळ्यात शेवटी कळते. डोकं फरशीवर आपटतं तेव्हा ते चेंडूसारखं थोडं वर येतं, आणि त्या थोडं वर येण्यात वाचकाला नेहमी वाटायचं की आता हा उठेल. आवाज नसतो. चित्रणांना आवाज नसल्यामुळे त्याच्या डोक्यातल्या सगळ्या मारामाऱ्या मुक्या होत्या, आणि घरी बायकोच्या हातून ताटली पडली की त्या सगळ्यांना एकदम आवाज यायचा. तो दचकायचा, तिच्या हातांकडे बघायचा. "बघतोस काय असा?" ती म्हणायची. "ताटली पडली. इसम क्रमांक एकच्या हातून. लिहून घे." मग जरा वेळाने, मऊ आवाजात, "घरी तरी मला चालतं वाचत जाऊ नकोस. थांबून बघ कधी."

ही चालतं वाचनाची भानगड सांगितली पाहिजे, कारण सगळं तिथे येऊन अडतं. या कार्यालयात चित्रण थांबवून वाचायची बंदी होती. ती तरंग्यामुळे आली. तरंगे हेही नाव नव्हे. नऊ वर्षांपूर्वी एका माणसाने गच्चीवरून उडी मारली, त्याचं चित्रण शेजारच्या टेबलावर आलं, आणि तिथे बसणाऱ्या याने चित्र बरोबर मधोमध थांबवून प्रामाणिकपणे लिहिलं, 'इसम हवेत तरंगत आहे. इसमास कोणतीही इजा दिसत नाही.' विमा कंपनीने त्या वाक्यावर तीन वर्षं खटला ओढला. तेव्हापासून नियम आला की चित्र थांबवू नये, थांबलेला माणूस खोटा दिसतो; चालू ठेवावं आणि चालताना दिसेल तेच लिहावं. आणि त्याला तरंगे हे नाव इतकं चिकटलं की नवीन लोकांना ते आडनावच वाटायचं. त्याच्या लग्नाच्या पत्रिकेवर कुणीतरी ते छापूनही टाकलं होतं. नवरी मुलगी म्हणाली, राहू दे, बरं वाटतंय.

मॉनिटर मेल्यावर बाईंनी वाचकाला बोलावलं. बाई म्हणजे विभागप्रमुख. त्या कुणाशी बोलताना समोरच्याच्या डोक्यामागच्या घड्याळाकडे बघत, त्यामुळे समोरच्याला सतत आपण उशिरा आलो आहोत असं वाटायचं. "नवीन घ्यायचा तर जुन्याचं निर्लेखन करावं लागेल," त्या म्हणाल्या. "फॉर्म भरा. वस्तू, कधीपासून होती, का टाकायची. समितीने निर्लेखित केली की ती वस्तू कागदावरून जाते. मग ती खोलीत असली तरी नसते." वाचकाने मान डोलावली. "आणि हे बघा, जात तीच घ्या. जुना व्हीए पॅनेलचा होता ना? व्हीएच घ्या." "का बाई?" बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "नियम चौदा. पडद्याच्या पॅनेलची जात बदलली तर जुन्या पडद्यावर केलेली सगळी वाचनं नव्याने करायची. हा आल्यापासूनची, सहा वर्षांची. तुमची सगळी. मला निवृत्त व्हायला सात महिने आहेत." मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने, "तीन मागवलेत, तिन्ही बघा, निवड केल्यासारखं दिसलं पाहिजे. पण जात तीच."

वाचक 'हो' म्हणाला, पण बाईंच्या टेबलापुढून हलला नाही. कारण सहा वर्षांच्या वाचनांमध्ये रखवालदाराचं वाचन होतं.

त्याला आता चार वर्षं झाली होती. एका इमारतीच्या तळघरात गाड्या लावायची जागा, दुपारची वेळ, दिवे बंद, उतारावरून येणारा राखाडी उजेड तेवढा. एका गाडीवाल्याने उतारावरच आडवी गाडी लावली. रखवालदार आला. बोलाचाली झाली, ती अर्थात ऐकू येत नाही. गाडीवाल्याने रखवालदाराची टोपी उडवली. मग रखवालदाराचा उजवा हात वर गेला, खाली आला, गाडीवाल्याचे गुडघे गेले, मान गेली, डोकं उताराच्या कडेवर आपटून थोडं वर आलं आणि मग आलं नाही. वाचकाने ते नियमाप्रमाणे चालू ठेवून एकवीस वेळा बघितलं. हात खाली येताना मुठीतून वर निघालेलं काहीतरी काळं, वीतभर, सरळ, त्याला एकवीस वेळा स्पष्ट दिसलं. त्याने लिहिलं, 'इसम क्रमांक एकच्या उजव्या हातात सळई आहे.' नुसत्या हाताने ढकलून माणूस मेला असता तर दोन वर्षं, फार तर तीन. सळई होती म्हणून नऊ झाली. आणि ती सळई कुठे मिळाली नाही, म्हणजे त्याने ती लपवली, म्हणून पुरावा नाहीसा केल्याची आणखी दोन. अकरा. सळई कुठे टाकलीस म्हणून त्याला आत मारलं. कशाने मारलं ते कुणी लिहिलेलं नाही, पण तिथे सळया होत्या एवढं नक्की. शेवटी तो म्हणाला, कालव्यात टाकली. कालवा उपसला तर गाळातून एक नाही, अकरा सळया निघाल्या. एवढ्या सळया शहराने कधी आणि कुणाच्या डोक्यातून काढून तिथे टाकल्या होत्या कुणास ठाऊक. त्या एका टेबलावर ओळीने मांडल्या आणि वाचकाला बोलावलं: यातली कुठली? वाचक त्या ओळीपुढून तीनदा गेला. गंजाचा वास त्याच्या जिभेवर बसला. तो म्हणाला, "तिसरी." का तिसरी ते त्याला आजही सांगता आलं नसतं. तिचं टोक थोडं वाकलेलं होतं, एवढंच. ती बिचारी वाटली. आठ दिवसांनी कळलं की तिसरी सळई आधीच दुसऱ्या एका खुनाची होती आणि त्या खुनात कुणीतरी कधीचा आत बसला होता. त्यामुळे ती त्याची त्याला परत दिली, आणि रखवालदाराची सळई पुन्हा बेपत्ता झाली.

तेव्हापासून दर सोमवारी अकराला कार्यालयाचा फोन वाजायचा. रखवालदाराची बहीण. ती कधी रडली नाही, कधी शिव्या दिल्या नाहीत. "मी बोलतेय. सळई सापडली का हो?" "नाही हो." "बरं. सापडली की कळवा. दादा म्हणतो, मलाही बघायचीय कशी आहे ती." आणि फोन ठेवायची. वाचकाने चार वर्षांत सुमारे दोनशे वेळा 'नाही हो' म्हटलं होतं. त्या 'हो'वर तो दरवेळी थोडा थबकायचा.

दादा हा शब्द तिने उच्चारला की त्याला स्वतःचा दादा आठवायचा, म्हणजे आधी त्याचा दात आठवायचा. वाचक तेव्हा बावीसचा होता. जिन्यात अंधार होता, तो वर चालला होता, दादा खाली येत होता, सकाळपासून दोघांत कशावरून तरी धुसफूस चाललेली. कशावरून ते दोघांनाही आठवत नाही. भांडण विसरलं, दात राहिला. अंधारात दादाचा हात वर गेला. वाचकाने वाट बघितली नाही. मुठीला ओठाचा मऊपणा लागला, मग त्यामागचं कठीण काहीतरी, मग ते कठीण सैल झालं. अजून थंडीत त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर दुखतं, जणू दादाचा दात तिथेच राहायला आला. दादा पायरीवर बसला, तोंडावर हात, बोटांतून काळं ओघळत होतं, आणि म्हणाला, "मी दिवा लावत होतो रे." बटण त्याच्या डोक्यावर होतं. दादाने पुढे कधी तो विषय काढला नाही, फक्त दिवा लावायच्या आधी तो सांगतो. वीस वर्षं झाली, वाचक घरी गेला की दादा म्हणतो, "दिवा लावतोय हं," आणि मग हात वर नेतो. वहिनीला वाटतं ही घरातली काहीतरी गंमत आहे.

मंगळवारी सकाळी मॉनिटर दाखवणारा माणूस तीन खोकी घेऊन आला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, तोंड सतत उघडं, कारण तो सतत बोलत होता. दात सुंदर होते. त्याने तीन मॉनिटर एका टेबलावर ओळीने लावले आणि ओळ बघून वाचकाच्या जिभेवर गंज आला. "सर, आधी तुमची गरज सांगा," तो म्हणाला. "लोक आकार बघतात, रंग बघतात, पॅनेल कुणी बघत नाही. नवरा मुलगा बघायला जावं आणि त्याचे कपडे बघून यावं तसं. बोला. ऑफिसचं काम, फोटोचं काम, का गेम?"

"मारामारी," वाचक म्हणाला.

"म्हणजे गेम."

"नाही. खरी."

माणूस हसला. "बरं आहे, लाइव्ह अ‍ॅक्शन. मग हालचाल महत्त्वाची." त्याने तिन्ही पडद्यांवर एकच पोपट लावला. पोपट पंख पसरायचा आणि मिटायचा. तरंगे खुर्ची ओढून आला, म्हणाला, "पोपटाला इजा दिसत नाही, लिहून घ्या." वाचकाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. रात्रभर तो उशीखाली होता. बायकोने विचारलं होतं काय आहे, तर तो म्हणाला होता, तळघर. "हे लावा," तो म्हणाला, आणि पोपट गेला, तळघर आलं.

पहिला टीएन जातीचा. "हा सगळ्यात चपळ," माणूस सांगत होता, "पण सरळ बसून बघायचं. मान हलवली की रंग उतरतो. हा समोरच्याचं इमान राखतो, बाजूच्याचा नाही." वाचकाने सरळ बसून बघितलं: राख. सगळं राखेचं, राखेचा माणूस राखेच्या माणसाला मारतोय. उभा राहून बघितलं तर सगळं धुक्यात गेलं. मग तो टेबलाशी उकिडवा बसला, हनुवटी कडेला टेकवून, आणि खालून बघितलं, तर काळ्याचं पांढरं झालं. पांढरा रखवालदार, पांढरं तळघर, पांढऱ्या डोळ्यांचा गाडीवाला कापसासारखा खाली आला. वाचकाच्या मनात आलं, पडणाऱ्याला हे असं दिसलं असेल. खालून. तरंग्याने त्याला काखेत धरून उठवलं. "बास कर. हे तेच आहे ना? सोड. बाई सात महिन्यांनी जातायत, तू अठरा वर्षांनी. तू कुणाची काळजी करायची? तुझी."

दुसरा व्हीए. "आता बघा काळं! विहीर आहे सर, विहीर! दिवे बंद करू का?" दिवे बंद झाले, खिडक्यांचे पडदे ओढले गेले. छताच्या कोपऱ्यातल्या कार्यालयाच्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका तेवढा उरला आणि तीन पडदे. व्हीएच्या तळघरात खरा अंधार होता, त्यात हात घालावा तर कोपरापर्यंत जाईल असा. रखवालदाराचा हात वर गेला, खाली आला. सळई होती. मुठीतून वर, वीतभर, सरळ. चार वर्षांनी जुना शेजारी दिसावा तसं वाचकाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच किळस आली. होती ना? आहे. लिहिलं ते खोटं नव्हतं. आता उठावं, 'व्हीए' म्हणावं, सही करावी. सही करावी आणि सोमवारी अकराला 'नाही हो' म्हणावं.

पण तिसरा पडदा चालूच होता. आयपीएस. कोपऱ्यांत जरा उजळ, काळं जरा दुधाळ, "अंधारात थोडा चमकतो, पण कुठूनही बघा, सर, कुठूनही बघा, तेच दिसणार," असं तो माणूस म्हणत होता, आणि वाचकाला उठता उठता, बाजूने, ओझरता, रखवालदाराचा हात दिसला. तो पुन्हा बसला. पुन्हा लावलं. पुन्हा. हात वर गेला, खाली आला, आणि तो रिकामा होता. नुसता रिकामा नव्हता, उघडा होता. मूठसुद्धा नव्हती. पाच बोटं पसरलेली, तळवा पुढे. मारायला कुणी तळवा पुढे करतं का? खांदा बघ, वाचकाने स्वतःला सांगितलं, आणि चौदाशे मारामाऱ्यांच्या अनुभवाने खांदा बघितला. खांदा मागे होता. हा माणूस टोपी उडवणाऱ्याला थांब म्हणत होता, आणि तो पुढे आला म्हणून ढकलला गेला. हे खांद्यावर लिहिलेलं होतं. हे व्हीएवरही लिहिलेलं असणार. वाचकाने चार वर्षांपूर्वी एकवीस वेळा खांदा बघितलाच नव्हता. काळं दिसलं, आणि ते त्याला पुरलं.

"हे काय आहे?" त्याने दोन्ही पडद्यांवर बोट ठेवत विचारलं. "इथे हातात आहे. इथे नाही."

माणूस वाकून बघत राहिला आणि मग मोकळेपणाने हसला. "ते होय! शेपूट आहे सर ते."

"काय?"

"शेपूट. आमच्यात शेपूट म्हणतात. व्हीएचं काळं खोल असतं ना, म्हणून जड असतं. जागचं हलायला वेळ लागतो. हात पुढे निघून येतो, त्याचं काळं मागे रेंगाळतं. हात थांबला की येऊन मिळतं. थांबवून बघा की, जाईल."

"आम्ही थांबवत नाही," तरंगे खूप हळू म्हणाला.

"गिऱ्हाइकाला आधी सांगत नाही आम्ही. कुणी तक्रार केलीच तर म्हणतो, सवय होईल. होते पण सर. पंधरा दिवसांत दिसेनासं होतं."

शेपूट. वाचक तो शब्द तोंडात घोळवत राहिला. एका शेपटासाठी नऊ वर्षं, आणि शेपूट लपवलं म्हणून दोन. शेपटासाठी कालवा उपसला. शेपूट कुठे टाकलंस सांग, म्हणून एका माणसाला उलटं टांगून मारलं आणि त्याने, बिचाऱ्याने, आठवायचा प्रयत्न केला. वाचकाच्या कानात सगळ्या मुक्या मारामाऱ्यांना एकदम आवाज फुटला. चौदाशे ताटल्या पडल्या. तेवढ्यात दार किलकिलं झालं, बाईंचा आवाज आला, "झालं का? जात तीच ना?" दार मिटलं. आणि अंधारात, डाव्या बाजूला, पांढऱ्या सदऱ्याचा हात वर गेला.

वाचकाने वाट बघितली नाही. ओठाचा मऊपणा, त्यामागचं कठीण, कठीण सैल झालं. पेराला ओळख पटली. माणूस खोक्यांवर पडला, आणि वाचक टेबलाकडे वळला, कारण त्याला तो व्हीए फोडायचा होता, तोच एक, ती विहीर, ते शेपूट. त्याने दोन्ही हातांनी समोर जे चमकत होतं ते उचललं आणि आपटलं, आणि काच तळव्यात शिरली तेव्हा बरं वाटलं. मग दुसरं चमकणारं उचललं आणि आपटलं, त्यावर पाय दिला, टाच फिरवली. तरंगे ओरडत होता, "अरे तो नाही! अरे तो नाही!" दिवे लागले. जमिनीवर टीएन होता आणि आयपीएस होता. टेबलावर व्हीए सुखरूप उभा होता. त्याचं काळं इतकं काळं होतं की अंधारात तो दिसलाच नाही. खोक्यांमध्ये बसलेल्या माणसाने तोंडावरचा हात काढला, तिथे आता एक छोटी चौकोनी विहीर होती, आणि तिच्यातून तो म्हणाला, "थर, मी दिवा लावत होतो."

मग बाई आल्या आणि काही झालं नाही. म्हणजे बाईंनी घड्याळाकडे बघितलं, बारा अकरा झाले होते, आणि त्या म्हणाल्या, "हे जिन्यावरून पडले. दोन मॉनिटर यांच्याच हातून पडले. तिसरा आम्हाला पसंत आहे." दात गेलेल्याने विचार केला. व्हीए खपला होता. "जिना घथरडा होता," तो म्हणाला. वाचकाच्या तळव्याला पट्टी बांधली. तरंग्याने दात शोधून काढला, कागदात गुंडाळला आणि त्यावर सवयीने 'वस्तू एक' असं लिहिलं. घरी बायकोने पट्टी बघितली, आणि दिवा लावायच्या आधी, पहिल्यांदाच, म्हणाली, "दिवा लावतेय हं." वाचक स्नानघरात गेला आणि नळ सोडून खूप वेळ तसाच बसून राहिला.

बाई एक गोष्ट विसरल्या. ज्या चित्रणात फटका दिसतो ते आपोआप वाचनाला येतं; यंत्र ते स्वतः निवडतं आणि त्याला विभागप्रमुख कळत नाहीत. सोमवारी सकाळी वाचकाच्या टेबलावर नवीन व्हीए होता आणि त्यावर पहिलंच चित्रण होतं छतावरून घेतलेलं: अंधारी खोली, तीन पडदे, टेबलाशी एक माणूस. इसम क्रमांक एक. त्याला तो माणूस आवडला नाही. पाठ वाकलेली, मान आत ओढलेली. इसम क्रमांक दोनचा हात वर जातो, दिव्याच्या बटणाकडे, हे वरून बघताना कुठल्याही मूर्खाला कळावं. इसम क्रमांक एकचा हात सुटतो. आणि त्याच्या मुठीतून मागे, वीतभर, सरळ, काळी, सळई.

वाचकाने पुन्हा लावलं. होती. एकवीस वेळा लावलं. मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबून चित्र थांबवलं. सळई हातात परत शिरली. नुसती मूठ उरली, लाजल्यासारखी. तरंग्याने शेजारून बघितलं. "नको थांबवूस," तो म्हणाला. "नाव पडतं." वाचकाने चालू केलं. सळई आली. थांबवलं. गेली. त्याला वाटलं, ही नेहमीच असणार. जिन्यात होती, तेव्हाही होती, दादाने पाहिली असेल. हा काही पडद्याचा दोष नाही. पडद्याने फक्त चुगली केली.

अकरा वाजले. फोन वाजला.

"मी बोलतेय. सळई सापडली का हो?"

"सापडली," वाचक म्हणाला.

चार वर्षांत तिने या उत्तराची तयारीच केली नसावी. "कुठे?"

"माझ्याकडेच होती."

"तुमच्याकडे?" मागे कुणाच्यातरी घरात नळ वाहत होता. "मग दादाला काय सांगू?"

"बघायला मिळेल म्हणावं. मी अर्ज करतोय."

"कुणाकडे?"

हा प्रश्न बरोबर होता. नियम चौदाप्रमाणे पुनर्वाचनाला पडद्याची जात बदलावी लागते, आणि ती बदललेली नाही. कोर्ट म्हणेल, सळई आमच्याकडे नोंदलेली आहे. तुरुंग म्हणेल, माणूस आमच्याकडे नोंदलेला आहे. वस्तू कागदावरून नाहीशी करायचा अधिकार या इमारतीत एकाच समितीला होता, आणि तिचा फॉर्म वाचकाच्या खणात होता, जुन्या मॉनिटरसाठी आणलेल्या दोनपैकी उरलेला, कोरा. त्याने फोन खांद्यावर धरला, पट्टीच्या हाताने पेन उचललं, आणि ती ऐकत असताना, मोठ्याने वाचत, लिहायला लागला. तरंग्याने आपली खुर्ची सरकवून दाराला लावली, बाई येऊ नयेत म्हणून.

प्रति,
मा. अध्यक्ष, निर्लेखन समिती.

विषय : सळई एक, निर्लेखित करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर सळई ही चार वर्षांपूर्वी माझ्या वाचनामुळे या कार्यालयाच्या अभिलेखावर आली. ती तळघरात, कालव्यात व संबंधित इसमाच्या अंगावर सर्वत्र शोधण्यात आली. तथापि ती प्रस्तुत अर्जदाराच्या उजव्या हातात असल्याचे आजच्या चालत्या वाचनात निष्पन्न झाले आहे. सदर वस्तू मुळात अस्तित्वात नसल्याने निरुपयोगी झालेली आहे.

तरी ती अभिलेखावरून कमी करण्यात यावी; तिच्यासोबत अनवधानाने जमा झालेला इसम एक, त्याच्या टोपीसह, बहिणीच्या ताब्यात देण्यात यावा; त्याची वापरून झालेली चार वर्षे आहेत त्या स्थितीत परत करण्यात यावीत; व उर्वरित सात वर्षे ज्याची सळई त्याच्या नावे वर्ग करण्यात यावीत, ही नम्र विनंती.

सोबत : सळई एक. (थांबवून पाहू नये.)